लिलावातली जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

लिलावातून जुनी छोटी गाडी घेणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा एकाच जागी होते. माणूस यार्डात जातो, बॉनेट उघडतो, बॅटरी लावून सेल्फ मारतो आणि इंजिन धडधडलं की खूश होऊन बोली लावतो. ८०० चं इंजिन जिवंत करणं हे या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत स्वस्त काम आहे. सडलेला पत्रा त्याहून महाग पडतो. आणि जो कागद नावावर होणारच नाही, तो कितीही पैसे ओतले तरी होत नाही. म्हणून तपासणी उलट्या टोकापासून करायची. कागद नापास झाले तर पत्रा बघायला जायचं नाही, पत्रा नापास झाला तर बॉनेटला हात लावायचा नाही.

इथे मुख्यतः कार्बोरेटरवाली मारुती ८०० आणि सोलापूरकडचा वाचक धरला आहे. पद्मिनीचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

## टप्पा १: लिलाव कोणाचा आहे ते ओळखा

जाहिरातीत गाडीचा फोटो बघण्याआधी लिलाव कोण करतंय ते वाचा. पुढचे सगळे फॉर्म त्यावर ठरतात.

सरकारी कार्यालयांची निर्लेखित (वापरातून काढून टाकलेली) वाहने. इथे सर्वांत मोठा खड्डा आहे. १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झालं आहे. अशी गाडी अधिकृत भंगार केंद्रातच जायची असते. ती रस्त्यावर आणण्यासाठी विकत घेता येत नाही. अटींमध्ये ‘फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांसाठी’ असं कुठेतरी बारीक अक्षरात असतं. लोक फोटो बघतात आणि ती ओळ वाचत नाहीत.

पोलीस ठाण्यातली बेवारस किंवा जप्त वाहने. यात दोन प्रकार असतात: कागदासह विक्री आणि भंगार म्हणून विक्री. भंगार असेल तर आरसी (नोंदणी पुस्तक) रद्द होते, चेसिस नंबरचा तुकडा कापून घेतात, आणि ती गाडी पुन्हा कधीच नोंदता येत नाही. सुटे भाग म्हणून घ्यायची असेल तर ठीक, पण मग बोलीही किलोच्या भावाचीच लावा.

बँक किंवा फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या गाड्या. इथे बहुधा उशिराच्या ८०० मिळतात, पहिल्या पिढीतल्या क्वचित. कागद तुलनेने सरळ असतात. मात्र सर्वांत मोठी बोली तुमची असली तरी लिलाव लगेच तुमचा होत नाही. बऱ्याचदा बँकेच्या मंजुरीपर्यंत तो लटकलेला असतो आणि तोवर अनामत अडकून पडते.

खासगी लिलाव. वारसांनी विकायला काढलेली गाडी, संग्राहकाने कमी केलेली गाडी, बंद पडलेल्या गॅरेजमधला माल. पद्मिनी चांगल्या स्थितीत मिळायची शक्यता इथेच जास्त. पण मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने हस्तांतर व्हायला हवं. ‘नंतर सही देतो’ या शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

सावधान: फॉर्म ३२ हा लिलावाचा फॉर्म आहे असं ऐकून लोक प्रत्येक लिलावाला तोच भरतात आणि आरटीओच्या खिडकीवरून परत येतात. हा फॉर्म केंद्र किंवा राज्य सरकारने, किंवा त्यांच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावापुरताच आहे. बँकेच्या लिलावात फायनान्सर एक तर फॉर्म ३६ ने आरसी आधी आपल्या नावावर करून घेतो, नाहीतर मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे) देतो. बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायला फॉर्म ३५ लागतो. खासगी लिलावात नेहमीचेच २९ आणि ३०. कोणते फॉर्म सहीनिशी हातात मिळणार, हे बोलीआधी लेखी विचारून घ्या.

## टप्पा २: कागद, घरी बसून

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मिळवा आणि परिवहन पोर्टलवर टाका. मालकाच्या नावाची अक्षरं, नोंदणीची तारीख, इंधन, बोजा, विमा, आरसीची मुदत, काळ्या यादीची नोंद आणि ई-चलान एवढं सगळं तिथे दिसतं.

नंबर टाकल्यावर काहीच आलं नाही तर? घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. एमएच-१३ (सोलापूरचा कोड) सारखे नंबर येण्याआधीचे तीन अक्षरी नंबर आणि जुनी पुस्तकी आरसी असलेल्या कित्येक गाड्यांची माहिती संगणकात चढलेलीच नाही. त्यासाठी मूळ आरटीओत बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुन्या रजिस्टरातून नोंद शोधून संगणकात घालणं. गाडी सोलापूरची असेल तर विजापूर रोडवरच्या कार्यालयात एकदा विचारून या. बाहेरच्या जिल्ह्याची असेल तर तिथल्या खेपा आणि वेळ हिशेबात धरा. मूळ पुस्तक हरवलेलं आणि नोंदही ऑनलाइन नाही, असं दोन्ही असेल तर ती गाडी सोडून द्या.

आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून वाढवायची. बहुतेक लिलावी गाड्यांची ही मुदत कधीच संपलेली असते. २० वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा, आणि हा दंड महिन्यागणिक चढतो. आठ-दहा वर्षं मुदत उलटलेल्या गाडीचा एकूण आकडा आधीच काढा. कधीकधी तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघतो.

‘व्हिंटेज’ हा शब्द. जाहिरातीत लिहिलं म्हणून गाडी व्हिंटेज होत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. पहिली ८०० डिसेंबर १९८३ ची, त्यामुळे डिसेंबर २०३३ पर्यंत एकही ८०० या वर्गात बसत नाही. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीच्या पद्मिनी-फियाट बसतात. पण रविवारी हुरडा पार्टीला जायला गाडी हवी असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

सीमेपलीकडची गाडी. विजयपूर (केए-२८) आणि कलबुर्गी (केए-३२) शेजारीच आहेत, म्हणून तिथल्या गाड्या सोलापूरच्या लिलावात दिसतात आणि स्वस्तही वाटतात. त्यांना मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथला कर आणि इथला नवा नंबर हे सगळं लागतं. १५ वर्षांवरची परराज्यातली गाडी इथे नोंदून मिळेल का, हे आधी खिडकीवर विचारा आणि मगच अनामत भरा.

तपासा: आरसीवर गॅस किटची नोंद आहे का? जुन्या ८०० मध्ये एलपीजी किट बसवून नोंद न करण्याची रीतच होती. किट आहे आणि नोंद नाही, तर ते काढून टाकण्याचा खर्च धरा. सीएनजी असेल तर टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट पाहा.

## टप्पा ३: यार्डात, पत्रा

सोबत न्यायच्या वस्तू: चांगली टॉर्च, लहान लोहचुंबक, पातळ कापड, पेन्सिल, पांढरा कागद, पारदर्शक चिकटपट्टी, दाढीचा छोटा आरसा, जाड स्क्रूड्रायव्हर आणि खाली अंथरायला जुनी चादर. चादरीला सोलापुरात तोटा नाही, पण नेमकी तीच घरी राहते आणि मग गाडीखाली कोणीच शिरत नाही. वेळ सकाळची निवडा. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याला हात लागत नाही आणि तपासणी आपोआप अर्धी होते.

पहिलं काम चेसिस नंबर. ८०० मध्ये तो इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला असतो. जागा कापडाने पुसा, कागद धरा, पेन्सिल आडवी करून घासा. या प्रिंटवर अक्षरांची खोली आणि अंतर सारखं दिसायला हवं. एखादा आकडा जास्त खोल, तिरका, किंवा आजूबाजूचा पत्रा घासून गुळगुळीत झालेला असेल तर तिथेच थांबा. नंबराच्या चौकोनाभोवती वेल्डिंगची रेघ दिसली तरीही थांबा. गंजाने एखादा आकडा अर्धवट झाला असेल तर आरटीओत निरीक्षकासमोर अडचण येते, हे लक्षात ठेवा. ही प्रिंट पुढे हस्तांतराच्या वेळी लागतेच, म्हणून चिकटपट्टी लावून जपून ठेवा. मग इंजिन नंबर. तो आरसीशी जुळत नसेल तर इंजिन बदललंय आणि नोंद झालेली नाही. जुन्या इंजिनाचा कागद आता मिळणार नाही, त्यामुळे ही किरकोळ बाब समजू नका.

मग गंज. सोलापूरची हवा कोरडी, इथेच आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा बरा असतो. पण एमएच-०१, ०२, ०३ ची गाडी समुद्राच्या हवेत मुरलेली असते, आणि ती दोन वर्षांपूर्वी सोलापुरात आली म्हणून तिचा गंज कमी होत नाही. इथल्या गाड्यांचं दुखणं निराळं. चाकाच्या कमानीत आणि दारांखालच्या पट्टीत काळी माती साचते, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पट्टी आतून कुजते. वरून रंग चकचकीत दिसतो.

या क्रमाने पाहा:

1. दारांखालची पट्टी, दोन्ही बाजू, पुढून मागे. चुंबक कापडात गुंडाळून हळूहळू सरकवा. जिथे तो सुटतो तिथे पत्रा नाही, लांबी (भरलेली पुट्टी) आहे. चार बोटांएवढी लांबी म्हणजे जुना मार. हातभर लांबी म्हणजे खाली पट्टीच उरलेली नाही.
2. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ. मॅटिंग आणि खालचा नमदा उचला. अंगठ्याने जोरात दाबा. करकर आवाज आला किंवा पत्रा दबला तर तुकडा बसवावा लागणार.
3. पुढच्या सस्पेन्शनचे टॉप आणि एप्रन (चाकावरचा आतला पत्रा). बॉनेट उघडून दोन्ही बाजूंना, शॉकॲब्जॉर्बर जिथे वर बोल्टने धरलेला असतो तिथे. इथे भेगा किंवा वरून ठोकलेला जाड पत्रा दिसला तर गाडी सोडा. इथला पत्रा गेला की चाकाची अलाइनमेंट टिकत नाही आणि वेल्डिंग पुन्हा सुटतं.
4. बॅटरीखालचा ट्रे. ॲसिडने तो खाल्लेला असणं नेहमीचंच. फक्त ट्रे गेला असेल तर चालेल, खालचा एप्रन गेला असेल तर नाही.
5. डिकीचा तळ आणि मागच्या दाराची खालची कड.

पद्मिनीत यात मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या टोकांना धरणाऱ्या जागा जोडा. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. तो आत शिरला तर मागचा ॲक्सल कशावर टेकलाय याचा विचार करा.

पद्मिनी आधी टॅक्सी होती का? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर अधिकृतपणे रस्त्यावरून गेल्या. त्याआधीही कित्येक रंग बदलून खासगी म्हणून फिरल्या. छपराच्या आतल्या कापडाची कड, दाराच्या बिजागरीमागचा भाग आणि डॅशबोर्डाखालचा पत्रा टॉर्चने पाहा. पिवळा रंग, डिकीत टाकीच्या पट्ट्यांची भोकं, मीटर लावल्याच्या खुणा सापडतात. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईटच असं नाही, पण आरसीवर रूपांतराची नोंद हवीच.

पूर. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आणि २०२५ च्या सप्टेंबरातला सीनेचा पूर, दोन्हींत गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. हेडलाइटच्या आत गाळाचा थर आणि फ्यूज बॉक्समध्ये हिरवी बुरशी दिसली तर वायरिंग नवं धरा.

काय आहे आणि काय गायब आहे याची यादी करा. बरीच वर्षं उघड्यावर उभी असलेल्या गाडीतून कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, सेल्फ, रेडिएटर, बॅटरी हे जातंच. ८०० चे हे भाग मिळतात. पद्मिनीचे बंपर, ग्रिल, काचेची रबर बीडिंग, दाराची हँडलं, लायटांच्या रिंगा शोधताना मात्र चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होतो. पद्मिनीत इंजिन बंद पण गाडी पूर्ण, आणि इंजिन चालू पण निम्मं सामान गायब, यात पहिली निवडा.

## टप्पा ४: इंजिन, दहा मिनिटांत

यार्डात गाडी चालवून सहसा देत नाहीत, फार तर सुरू करून दाखवतात. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम असेल तर संशय घ्या. थंड इंजिनच खरं बोलतं.

तेलाचं झाकण उघडा. आत दुधट फेस असेल तर पाणी तेलात जातंय, हेड गास्केट किंवा हेड गेलंय. सुरू करून दाखवलं तर झाकण उघडं ठेवून बघा. तिथून जोरात धूर येणं म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, रिंगा संपल्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय, हे स्वस्तातलं दुखणं. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पुन्हा हेड गास्केट.

८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. ते आयडलिंगला थोडं थरथरणारच, त्याला दोष समजू नका. कॉम्प्रेशन गेज लावू दिलं तर तिन्ही आकडे पाहा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन खोलायचा खर्च धरा. इंजिन जाम असेल तरी ८०० लगेच सोडून देऊ नका. पत्रा आणि कागद उत्तम असतील तर जाम इंजिनामुळे बोली खाली राहते आणि फायदा तुमचाच होतो.

टायरची नक्षी पाहू नका, बाजूला कोरलेला चार आकडी कोड पाहा. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. आठ-दहा वर्षांचे टायर नक्षी कितीही असली तरी बदलायचेच.

## टप्पा ५: उलटा हिशेब

किती बोली लावायची हे यार्डात ठरत नाही, घरी कागदावर ठरतं. तयार गाडीच्या किमतीपासून मागे यायचं. खालचे आकडे फक्त रीत कळावी म्हणून आहेत, तुमच्या गाडीचे घाला:

- तशीच चालू, कागद पूर्ण असलेली ८०० आपल्या भागात मिळते, समजा: ८०,०००
- नूतनीकरण, दंड, पर्यावरण कर, हस्तांतर, नंबरप्लेट, विमा: वजा २०,०००
- इंजिन, ब्रेक, टायर, बॅटरी: वजा २२,०००
- पत्रा आणि रंग: वजा १५,०००
- वाहतूक आणि यार्ड भाडं: वजा ५,०००
- उरले: १८,०००
- खर्चाच्या बेरजेवर, म्हणजे ६२,००० वर, अनपेक्षित म्हणून १५ टक्के: वजा ९,३००
- तुमची शेवटची बोली: ८,७००

हातची किंमतच (जिच्याखाली बोली घेत नाहीत ती) १२,००० ठेवली असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. बोलीवर जीएसटी वेगळा आहे की धरलेला, तेही अटींत पाहा. वेगळा असेल तर शेवटचा आकडा तेवढा खाली आणा.

## टप्पा ६: बोलीचा दिवस

अनामत भरली त्या व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक), पॅन आणि आधार तयार ठेवा. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो. त्यामुळे ‘शेवटच्या सेकंदाला टाकू’ ही चलाखी चालत नाही, उलट नेट अडकलं की गाडी जाते. आकडा ठरलेला असेल तर शांतपणे तिथपर्यंत जा आणि थांबा.

पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे, म्हणून या गाडीवर गावात अनेकांचा जीव. समोरच्याला तो दिसला की तो पाचशे-पाचशेने चढवत नेतो. जीव घरी ठेवून या.

सावधान: ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर सही केल्यावर कार्बोरेटर चोरीला गेला हीसुद्धा तुमचीच अडचण असते. पाहणीच्या दिवशी काढलेले तारखेसह फोटो एवढाच तुमचा पुरावा. बाकी रक्कम मुदतीत भरली नाही तर अनामत जप्त होते.

## टप्पा ७: गाडी बाहेर काढणं

चालवत आणू नका. विमा नाही, ब्रेकचा भरवसा नाही, आरसी संपलेली. ८०० सुमारे ११ फूट लांब आहे, त्यामुळे छोट्या हत्तीत किंवा साध्या पिकअपमध्ये ती मावत नाही. पद्मिनीला १३ फूट लागतात. १४ फुटी हौद्याचा टेम्पो किंवा सपाट क्रेन सांगा. गाडी फळ्यांवरून चढवायची असेल तर चाकं फिरतात का हे आदल्या दिवशी बघून ठेवा. हँडब्रेक ओढून उभ्या केलेल्या गाडीचे मागचे ड्रम चिकटलेले असतात.

ताबा घेताना या चार गोष्टी हातात आल्याशिवाय गेटच्या बाहेर पडू नका: विक्री कायम झाल्याचं सहीशिक्क्याचं पत्र, पैसे भरल्याची पावती, ताबापत्र (तारीख आणि वेळेसह), आणि आरसी किंवा ती नसल्याचा लेखी दाखला. सरकारी लिलाव असेल तर लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रतही. ती नंतर मिळवताना बदली होऊन गेलेला अधिकारी शोधावा लागतो.

## टप्पा ८: बंद गाडी सुरू करण्याचा क्रम

नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारणं ही सर्वांत महाग घाई. कोरड्या सिलिंडरात रिंगा घासतात आणि बरं असलेलं इंजिन तिथेच बिघडतं.

1. टाकी पूर्ण रिकामी करा. जुनं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारतं आणि कार्बोरेटरची जेट बुजवतं. टाकीच्या तळाला गंजाचा चुरा असेल तर टाकी उतरवून धुवा.
2. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि फिल्टर बदला. पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचा पाइप फुगवतं. पाइप इंधनाचाच घ्या, दिसायला सारखा म्हणून पाण्याचा नको. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाचे डायफ्रामही याच वेळी बदला.
3. प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरात चमचाभर, साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा. रात्रभर ठेवा.
4. सकाळी प्लग बाहेरच ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा आणि एक दिवस थांबा.
5. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. ८०० ला तीन लिटरच्या आत तेल लागतं. चार लिटरचा डबा आणून सगळा ओतू नका, काठीवर बघत भरा.
6. टायमिंग बेल्ट बदला. वर्षानुवर्षं एकाच वळणात राहिलेला बेल्ट दिसायला नवा वाटतो आणि हायवेवर तुटतो. पद्मिनीत चेन आहे, तिथे हे काम नाही.
7. पाणी काढा, होज दाबून पाहा, नवं कूलंट भरा.
8. प्लग बाहेर ठेवूनच दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग बसवा. ८०० चा फायरिंग ऑर्डर १-३-२, पद्मिनीचा १-३-४-२. वायरी उलटसुलट लागल्या की इंजिन नुसतं भडकतं आणि लोक कार्बोरेटरला दोष देतात.

तपासा: सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं रेस देऊ नका. रेडिएटरचा पंखा लागतो का, गळती कुठे आहे, हे बघत उभे राहा.

इंजिन लागलं म्हणून गल्लीत चक्कर मारायला निघू नका. आधी ब्रेक: चारही चाकं उघडा, व्हील सिलिंडरचे रबर बदला, जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं डॉट-३ भरा आणि हवा काढा. पॅडल दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर गेलेला आहे.

उन्हाळ्यात ४२ अंशांत गाडी सिग्नलला बंद पडून पुन्हा लागत नसेल तर इंजिन खोलू नका. पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका आणि दहा मिनिटांनी लावा. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून लांब घेऊन त्याला उष्णतारोधक वेटोळं घालणं.

## टप्पा ९: नावावर करणं

आठव्या टप्प्याला महिना लागू शकतो, पण कागदाचं घड्याळ ताबा घेतल्याच्या दिवसापासून चालू होतं. सरकारी लिलावात फॉर्म ३२ ताब्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. इतर खरेदीतही घेणाऱ्याला ३० दिवसच. म्हणून गाडी टेम्पोतून उतरली की दुसऱ्या दिवशी कागद सुरू करा, गॅरेजची वाट पाहू नका.

आधी थर्ड पार्टी विमा. या वयाच्या गाडीला बहुधा तेवढाच मिळतो. आरसी संपलेली असेल तर हस्तांतर आणि नूतनीकरण कोणत्या क्रमाने घेतील ते खिडकीवर विचारा आणि तपासणीच्या दिवशी गाडी टेम्पोवरच न्या. निरीक्षक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर आणि नंबर पाहतो. गाड्या इंजिनावर क्वचित नापास होतात. वायपरवर आणि हँडब्रेकवर रोज होतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते, तीन अक्षरी जुना नंबर असला तरी.

पीयूसीला भारत स्टेजच्या (प्रदूषणाच्या निकषांच्या) आधीच्या पेट्रोल चारचाकीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम आहे. सेंटरवाल्याने मशिनमध्ये उत्पादनाचं वर्ष बरोबर घातलंय का ते स्क्रीनवर बघा. चुकून नंतरचं वर्ष पडलं तर मर्यादा ०.५ टक्क्यांवर येते आणि कार्बोरेटरची चांगली गाडीसुद्धा नापास होते.

नवीन आरसी आली की नाव, चेसिस नंबर आणि इंधन ही तीन घरं त्याच दिवशी पेन्सिलच्या प्रिंटशी आणि विम्याशी ताडून पाहा. बॅकलॉग एंट्रीत एक आकडा इकडचा तिकडे होणं नेहमीचं आहे. फाइल ताजी असताना तो लवकर दुरुस्त होतो, पुढच्या नूतनीकरणाला सापडला तर पुन्हा मूळ रजिस्टरापासून सुरुवात करावी लागते.